काही तक्रार नाही

इंदूबाईंना आपल्या मुलाची, सहादेवची, एक खोड मुळीच पसंत नव्हती. घरातलं काही बिघडलंय हे परक्या माणसासमोर तो कबूलच करत नसे. डॉक्टरकडे जायचं तर आधी गोळी घेऊन ताप उतरवायचा आणि मग डॉक्टरला सांगायचं, "मजेत आहे." त्याचा बाप असा नव्हता. त्या माणसाला साधं गळू झालं तरी सगळ्या आळीला कळायचं, जागेसकट.

म्हणूनच स्कूटर कंपनीचं पत्र आलं तेव्हा इंदूबाईंना धास्ती वाटली. ब्याण्णव सालातल्या काही गाड्यांच्या ब्रेकमध्ये दोष आहे, गाडी दाखवायला आणा, दोष आढळला तर पार्ट फुकट बदलून देऊ, शनिवार शेवटचा दिवस, असं नातीनं, संघप्रियानं वाचून दाखवलं. दोष आढळायचा बाकी नव्हताच. सिल्व्हर पार्कच्या वळणावर गाडी दोनदा भाजीच्या हातगाडीत जाऊन थांबली होती आणि दोन्ही वेळा मागच्या सीटवर इंदूबाई होत्या. दुसऱ्या वेळी तर चेपलेली भेंडी विकत घ्यावी लागली.

शुक्रवारी सहादेव गाडी घेऊन नाथा मेकॅनिककडे गेला. नाथानं ब्रेक आवळला, गाडी धुतली, सीटला नवं कव्हर चढवलं. इंदूबाई मागोमाग पोचल्या.

"अरे, उद्या कंपनीवाले फुकटात करणारेत ना?"

"आये, अशी गाडी न्यायची त्यांच्यापुढं? काय म्हणतील?"

"ब्रेक खराब आहे म्हणतील! त्यासाठीच बोलावलंय ना मेल्यांनी!"

"मावशी, दोन दिवस मस्त चालेल," नाथा म्हणाला. "नंतर परत ढिला पडणार."

शनिवारी इंदूबाई मुद्दाम सोबत गेल्या. गाडी त्यांच्याच नावावर होती. तिच्या कागदांसाठीच त्या साक्षरता वर्गात जाऊन सही शिकल्या होत्या. शिवाय, घरातलं कोणीतरी खरं बोलायला हवं होतं.

सर्व्हिस सेंटरच्या इंजिनिअरनं एक चक्कर मारली. ब्रेक जागच्या जागी लागला.

"बरोबर आहे की. कधी लागत नाय असं होतं काय?"

"छे हो साहेब," सहादेव म्हणाला. "एकदम टकाटक."

"ह्याचं काही ऐकू नका," इंदूबाई पुढे झाल्या. "तो ब्रेक..."

"तक्रार असेल तर बिनधास्त लिहा, मांजी." इंजिनिअरनं कागद सरकवला. "लगेच पार्ट बदलतो. कसंय, सगळ्यांनाच गाडी सांभाळायला जमत नाय."

इंदूबाई थांबल्या. त्यांच्या घरी तेवीस वर्षांचा स्टोव्ह अजून आरशासारखा होता.

"काय जमत नाय?"

"नाय, मी आपलं जनरल बोललो."

"आमच्या घरात वस्तू बिघडत नाहीत. काही तक्रार नाही. सही कुठं करायची?"

त्यांनी सावकाश, एकही वेलांटी न विसरता, नाव-आडनाव लिहिलं.

सोमवारी सिल्व्हर पार्कच्या वळणावर ब्रेक लागला नाही. भाजीवाल्यानं लांबूनच स्कूटर ओळखून हातगाडी बाजूला घेतली होती, त्यामुळे स्कूटर सरळ समोरच्या नव्या बिल्डिंगच्या रेतीच्या ढिगात शिरली.

"माताजी, लगा क्या?" भाजीवाला धावत आला.

इंदूबाई रेतीतून उठल्या. पदर झटकला.

"कुछ नहीं हुआ. हमको इधरहीच उतरना था."

तो गेल्यावर त्या सहादेवकडे वळल्या. त्याच्या कानातसुद्धा रेती होती.

"शनिवारी त्या माणसाला खरं सांगता येत नव्हतं तुला?" त्या म्हणाल्या. "अगदी बापावर गेलायस."