ताई विरुद्ध विमान कंपनी

ताई सुटकेस घेऊन बाळच्या दारात उभी राहिली. एरवी ताई आली की त्याला लहान झाल्यासारखं वाटायचं. आज चोर झाल्यासारखं वाटलं.

"मी तुझ्याकडे आलेलेच नाही," चपला काढता काढता ताई म्हणाली. "मी त्या विमान कंपनीकडे आलेय. रिटायर झाले, हाताशी वेळच वेळ आहे. आता बघतेच त्यांच्याकडे."

"अगं, जाऊ दे ना ताई. होतो उशीर एखाद्या वेळी."

"जाऊ दे? लहानपणी कुणी तुझी पेन्सिल घेतली तरी तू जाऊ देच म्हणायचास. म्हणून तर मला मधे पडावं लागायचं."

बाळ आता सत्तेचाळीस वर्षांचा होता. चौकात त्याचं चष्म्याचं दुकान होतं, डोक्यावरचे केस निम्मे गेले होते. पण ताईच्या तोंडी तो बाळच राहिला आणि ताईमुळे बायकोच्या आणि गिऱ्हाइकांच्याही तोंडी तेच नाव बसलं. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून ती नुकतीच निवृत्त झाली होती. शाळेनं तिचा निरोप समारंभ ठेवला होता आणि तिनं एकच गोष्ट मागून घेतली होती, की माझा भाऊ दोन शब्द बोलेल.

इथंच सगळा घोटाळा झाला. बाळचं आयुष्यभराचं वक्तृत्व म्हणजे, "आता दिसतं? आणि आता? ह्या काचेनं बरं की त्या?" यापलीकडे बोलायची त्याच्यावर कधी पाळीच आली नव्हती. तरी त्यानं भाषण लिहिलं, दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभं राहून घोकून पाठ केलं आणि ठरल्या दिवशी चांगला कोट बॅगेत घालून विमानतळावर गेला. बॅग आत गेली, तो आत गेला. विमानाला मात्र दोन तास उशीर होता.

उशीर झाला नसता तर तो भाषणाच्या धास्तीसकट विमानात जाऊन बसला असता, हे तो नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत असे. पण त्या दोन तासांत त्यानं भाषण मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलं की त्यातला शब्दन्‌शब्द विटून गेला. मग विमान लागलं, लोक उठले, आणि बाळचे पाय उठेनात. थोड्या वेळानं भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं गेलं. सगळ्या माणसांत, मोठ्यानं, पूर्ण नावानं. माइकवर आपलं नाव ऐकून बाळला समारंभातला माइकच समोर दिसायला लागला. तो स्वच्छतागृहात गेला आणि विमान सुटेपर्यंत तोंड धूत राहिला.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण ताईला 'मी येत नाही' असं सांगायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं फोन करून सांगितलं, "ताई, विमान लेट आहे गं. सुटेल आता तासाभरात." तासाभरानं पुन्हा तेच सांगितलं. बायकोला कळू नये म्हणून तो घरी न जाता दुकानाचं शटर आतून ओढून अंधारात बसला आणि तिथूनच ते विमान तासातासानं लेट करत राहिला. अंधार पडल्यावर ताईच म्हणाली, "आता येऊ नकोस, घरी जा. समारंभ छान झाला." तेवढंच वाक्य उशाला घेऊन तो पंधरा दिवस झोपला होता.

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं होतं, "बॅग कुठाय?" बॅग परत मागायला गेलं की चौकशी होणार. बाळच्या तोंडून निघून गेलं, "हरवली कंपनीनं." एक खोटं झाकायला दुसरं लागतं म्हणतात. बाळला तेव्हा ते मोठं सोयीचं वाटलं होतं.

"बॅगसुद्धा?" जेवताना ताईला कळलं तसा तिचा घास हातातच राहिला. "आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"त्यांचा चांगला कोट होता हो त्यात," बायको म्हणाली. "दोनदाच घातलेला."

"कोटाचंही लिहू," ताई म्हणाली.

तिनं रात्रीतच तक्रार लिहून पाठवली. गणिताची बाई ती. उशीर, मनस्ताप, बॅग, कोट, असं पायरीपायरीनं मांडलं आणि खाली स्वतःचा फोन नंबर दिला, कारण बाळ भिडस्त आहे आणि गोड बोललं की विरघळतो. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानातच येऊन बसू लागली. चष्म्याला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सगळी हकिकत पहिल्यापासून ऐकवायची. लोक हळहळायचे. "बहिणीच्या समारंभाला मुकले बिचारे," म्हणत बाळकडे बघायचे. बाळ मान खाली घालून काचा पुसायचा. त्या आठवड्यात दुकानातल्या काचा जितक्या स्वच्छ होत्या तितक्या पूर्वी कधी नव्हत्या.

शेवटी त्याला राहवेना. ताई घरी जेवायला गेल्याचं बघून त्यानं कंपनीला फोन लावला. एक दाबा, मग चार दाबा, मग थांबा, असं करत एकदाचं कुणीतरी माणूस बोललं.

"ती तक्रार मागे घ्यायची आहे," बाळ कुजबुजला.

"कारण काय लिहू सर?"

"कारण... समाधान झालं."

"पूर्ण की थोडंफार?"

"पूर्ण, पूर्ण! एकदम पूर्ण झालं!"

संध्याकाळी ताईच्या फोनवर कंपनीचा निरोप आला, 'आपल्या तक्रारीचं पूर्ण समाधान झाल्याचं वाचून आम्हाला आनंद झाला.' ताईनं तो दोनदा वाचला. मग चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"बघितलंस? परस्पर मिटवून मोकळे झाले! मला न विचारता माझं समाधान ठरवणारे हे कोण?"

"ताई, झालं ना मग..."

"काय झालं? आता तर सुरुवात झाली!"

आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्याचं बाळला कळलं, पण ओरडायची सोय नव्हती. ताईनं दोन दिवस फोनवर फोन करून खालच्या माणसाला वरच्याचं नाव विचारलं, वरच्याला त्याच्या वरच्याचं. अखेर कंपनीच्या तक्रार अधिकारी बाईंनी स्वतः सोमवारी सकाळी दुकानात फोन करायचं कबूल केलं.

सोमवारी बायकोही दुकानात येऊन बसली. कोटाचा प्रश्न होता. त्याच वेळी नेमके शेजारचे वकील डोळे तपासायला आले होते. बाळनं त्यांच्या नाकावर तपासणीची जाड फ्रेम चढवून दोन्ही काचा घातल्या आणि तेवढ्यात फोन वाजला. वकिलांना धड काही दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं, आणि वकिलाला तेवढं पुरतं. ताईनं फोन काउंटरवर ठेवून आवाज मोठा केला.

"बोला मॅडम," पलीकडून एक तरुण, दमलेला आवाज आला. "या उशिरामुळे तुमचं नेमकं काय नुकसान झालं?"

"सांगते." ताईनं बाळकडे पाहिलं. "बाळ, तू जरा बाहेर जातोस का?"

"का गं?"

"बरं, राहा. कधीतरी कळणारच." ती फोनकडे वळली. "समारंभ पाच वाजता होता. भाऊ सांगत होता, विमान आता सुटेल, आता सुटेल. म्हणून मी म्हटलं, थांबू या. मुख्याध्यापिका बाई बिचाऱ्या थांबल्या. माझ्या जुन्या मुली कुठून कुठून आल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. त्याही थांबल्या. सहा झाले, सात झाले. पोरं रडायला लागली, कुणाची गाडी होती, कुणाची बस. एकेक येऊन हात हातात घ्यायची आणि निघायची. शेवटी हॉल बंद करायला शिपाई आला तेव्हा आम्ही चौघी-पाच जणी उरलो होतो. मुख्याध्यापिका बाईंनी पुष्पगुच्छ दिला तो दारातच. भाषण झालंच नाही, कुणाचंच. मग मी घरी आले."

बाळच्या हातात काच पुसायचं फडकं होतं, ते त्यानं घट्ट धरून ठेवलं. आपल्या त्या 'आता सुटेल'नं एक अख्खा हॉल रिकामा केला होता, आणि 'समारंभ छान झाला' हे ताईनं केवळ त्याला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

पलीकडे काहीतरी चाळल्याचा आवाज येत होता. तो मधेच थांबला.

"मॅडम," अधिकारी बाई जरा अडखळत म्हणाल्या, "आमचं... आमचं चुकलं. भरपाई पाठवतो. जेवढी मागितलीय तेवढी. बॅगही घरपोच पाठवतो."

"बॅग सापडली?" बायको आनंदानं ओरडली.

"हो, म्हणजे... ती हरवली नव्हती."

ताईनं मान तिरकी केली. जन्मभर वर्गात काढलेल्या बाईला कुणी काही झाकायला लागलं की आवाजावरूनच कळतं. "मुली, तू आत्तापर्यंत नीट बोलत होतीस. आता चाचरायला का लागलीस? मैत्रिणीला वाचवायला निघालेली पोर अशीच बोलते. खरं सांग. विमान किती वाजता सुटलं?"

"मॅडम, आम्ही भरपाई देतोय ना..."

"मी वेळ विचारली."

"दोन तास उशिरा," पलीकडची बाई हळूच म्हणाली. "आणि वर वीस-पंचवीस मिनिटं. तुमच्या भावाचं नाव बऱ्याचदा पुकारलं, ते आलेच नाहीत. माणूस नसेल तर बॅग नेता येत नाही, म्हणून ती शोधून खाली काढावी लागली. त्यात ती वीस-पंचवीस मिनिटं गेली."

"म्हणजे तेवढा उशीर बाळमुळे झाला," वकील फ्रेमआडून म्हणाले. "मग कंपनीच तुमच्यावर उलटा दावा लावू शकते."

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ताईनं हिशोब केला असणार. दुपारी निघालेलं विमान, तासाभराचा प्रवास, पाचचा समारंभ. तिला कागद लागला नाही. ती बाळकडे बघत राहिली आणि बाळ फडक्याकडे.

"मॅडम, मग तक्रार बंद करू का?" फोनमधून आवाज आला.

"नको," ताई म्हणाली. "तशीच ठेव. फक्त कुणाविरुद्ध, ते बदल."

"तशी सोय नाहीये मॅडम."

"नसू दे. तुझी काही चूक नाही, तुला उगाच त्रास दिला. ठेव फोन."

फोन बंद झाला.

"ताई, मला बोलता आलं नसतं गं," बाळ कसाबसा म्हणाला. "तुझं हसं झालं असतं."

"भाषण लिहिलंच नव्हतंस?"

"लिहिलं होतं. पाठही होतं. अजून आहे."

"मग बोल."

"इथं?"

"तिथं माणसं होती म्हणून भ्यायलास. इथं कोण आहे?"

"मी आहे," वकील म्हणाले.

"तुम्हाला दिसत नाहीये, तुम्हाला धरत नाही."

बाळ अक्षरांच्या तक्त्याकडे पाठ करून उभा राहिला. पाठ केलेलं भाषण 'आदरणीय व्यासपीठ' इथून सुरू होत होतं. ते त्यानं सोडून दिलं आणि त्याच्या तोंडून मधलंच कुठलं तरी निघालं.

"मी चौथीत होतो. फळ्यावरचं मला दिसायचं नाही. सगळे म्हणायचे, हा ढ आहे. मीही तेच समजायचो. ताईला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती. तिनं एक दिवस मला दारात उभं केलं आणि लांब जाऊन बोटं दाखवली. मला एकही दिसलं नाही. पहिला पगार झाला त्या दिवशी ती मला चष्मा करायला घेऊन गेली. दुकानातच मी तो घातला आणि वर बघितलं. समोर ताई होती. तोपर्यंत मला वाटायचं, ताई नेहमी हसत असते. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं, की ती किती दमलेली असते."

पुढचं त्याला आठवेना. बायको पदरानं डोळे पुसत होती आणि वकील त्या जाड फ्रेममधून उगाचच छताकडे बघत होते.

ताईनं चष्मा काढून फडक्यासाठी हात पुढे केला. बाळनं फडकं दिलं.

"छान लिहिलंयस," ती काचा पुसत म्हणाली. "पण हे माझ्या मुलींनी ऐकायला हवं होतं रे. त्या दोन तास बसल्या होत्या." आवाजात राग नव्हता. राग असता तर बाळला सोपं गेलं असतं.

"ताई, त्यांना पुन्हा बोलावू या. मी येईन. शपथ घेतो."

"आता कुठल्या येतात?" ताईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझं उद्याचं तिकीट काढ. जाते मी घरी."

"विमानाचं काढू?"

"विमानाचंच. आणि त्याच कंपनीचं काढ," ताई म्हणाली. "ती उशिरा का होईना, पोचते तरी."