मास्तरांच्या मागे लागलेला वॉकर

"बाबा, घरातल्या घरात एक फेरी मारा हो. चाचणीपुरती!" सूनबाई अजिजीने म्हणाली.

"मी? आणि आधार घेऊन चालू?" मास्तर असे गरजले की शेजारची खिडकी उघडली.

छत्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेला माणूस तो. अर्धी वस्ती त्यांची "ताठ उभा राहा!" ही आरोळी ऐकत मोठी झालेली. उजवा गुडघा चार महिन्यांपासून कुरकुरत होता, पण ही खबर त्यांनी गुडघ्याच्या बाहेर जाऊ दिली नव्हती.

सूनबाई म्हाताऱ्या माणसांसाठी घडीचे वॉकर तयार करणाऱ्या कारखान्यात डिझायनर होती. तिचा नवा वॉकर घडी घातली की हातातल्या बॅगेएवढा व्हायचा आणि मालकाच्या मागोमाग आपला आपण चालायचा. मालक थांबला की उघडायचा. त्यासाठी लागणारी चिप तिने सासऱ्यांच्या बुटात बसवूनही टाकली होती, अर्थातच त्यांना न विचारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर फिरायला निघाले. कोपऱ्यावर त्यांना मागे घरघर ऐकू आली. वळून बघतात तर वॉकर!

"हट्!" मास्तर थांबून ओरडले.

खटाखट वॉकर उघडला आणि सूनबाईच्या आवाजात मोठ्याने म्हणाला, "आधार घ्या. लाजू नका."

दुधाच्या दुकानासमोरच्या चार माना वळल्या. मास्तर तडक चालू लागले. वॉकरनेही घडी घातली आणि तो मागे निघाला. चालता चालताच त्यांनी घरी फोन लावला.

"आला का मागे? अय्या, छान!" सूनबाई म्हणाली.

"छान काय? बंद कर आधी!"

"इथून नाही होत, बाबा. त्याच्या दोन्ही मुठी घट्ट धरून दहापर्यंत आकडे मोजा."

"भर रस्त्यात?" मास्तरांनी फोन ठेवला. वॉकर धरावा तर अब्रू जाणार, थांबावं तर तो बोंब मारणार. आता चालत राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बागेत त्यांचे पाच सोबती रोजच्यासारखे वाट बघत होते. मास्तर त्यांच्यासमोरून सुसाट गेले. "चला! आज थांबायचं नाही!"

पाचही म्हातारे बिचारे मागे धावले. बागेच्या चार फेऱ्या झाल्या, मग मोर्चा फाटकातून रस्त्यावर आला. सिग्नल लाल होता. मास्तरांनी थांबण्याऐवजी जागच्या जागी पाय आपटायला सुरुवात केली. त्यांचं बघून बाकीचेही पाय आपटू लागले. समोरचा बसचालक हे संचलन बघण्यात इतका रमला की सिग्नल हिरवा झाल्यावरही त्याची बस हलेना.

"मास्तर, मागे कोणी लागलंय का?" निवृत्त वायरमन तात्या धापा टाकत म्हणाला.

"मागे बघू नकोस!"

"बॅग आहे हो नुसती!"

वाचनालयाच्या फाटकाशी गुडघ्याने संप पुकारला. मास्तर गज धरून उभे राहिले आणि खटाखट, "आधार घ्या. लाजू नका."

पाच जोडी डोळे वॉकरवरून मास्तरांवर आले. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. चार महिने जपलेलं सगळं आता चव्हाट्यावर येणार होतं.

"घे, तात्या," ते घाईघाईने म्हणाले. "तुझ्यासाठीच आणलाय. किती दमतोस तू!"

तात्याने मुठी घट्ट पकडल्या. आकडे कोणी मोजले नाहीत, पण जरा वेळाने वॉकर टुंग वाजून बंद पडला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तात्या मात्र दहा पावलं चालला, परत आला आणि पुन्हा निघाला.

"अरे, कंबर कशी हलकी झाली! मास्तर, देवमाणूस आहात."

"मला बघू दे," वकीलसाहेब म्हणाले. "माझी टाच वर्षभर ठणकतेय. म्हटलं, कशाला सांगा."

मग एकाचा घोटा निघाला, एकाची पाठ, एकाचे दोन्ही गुडघे. सगळे जण आपापलं दुखणं अगदी कौतुकाने सांगत वॉकरसाठी रांगेत उभे राहिले. मास्तर गज धरून ते बघत होते. त्यांना वॉकरचा राग येत नव्हता, सोबत्यांचा हेवा वाटत होता. आता तर डाव्या पायालाही कळ लागली.

"तात्या," अखेर ते हळूच म्हणाले, "मला दे रे जरा."

"तुम्हाला कशाला?"

"गुडघा दुखतो." बोलून टाकलं आणि मास्तरांना एकदम मोकळं वाटलं. "चार महिने झाले. फार दुखतो रे."

वकीलसाहेबांनी मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग आधी नाही का सांगायचं, मास्तर? या, माझ्या मागे तीन जण सोडून उभे राहा. तुमचा नंबर पाचवा."