लाल टोप्यांचं वऱ्हाड

"व्याह्यांचं माझ्यावर सोपव," मो बिंगयाओ बायकोला म्हणाला. "संग्रहालयातनं फिरवून आणतो. बाहेर पडेपर्यंत म्हणतील, एवढ्या विद्वान माणसाची मुलगी सोडायची नाही!"

"तुमचं तोंड सुरू झालं की पळून जातील!" चिउलान म्हणाली आणि हॉटेलात टेबल धरायला निघून गेली.

बिंगयाओ जन्मापासून हुमन गावचा. आयुष्यभर बस चालवली, आणि निवृत्त झाल्यापासून अफूच्या युद्धाच्या संग्रहालयातल्या तोफांभोवती असा फिरायचा, जणू त्या यानंच उडवल्या होत्या! व्याही पार शांदोंगहून पहिल्यांदाच येत होते. त्यांनी होकार दिला की लग्न पक्कं. आजवर त्यांना पाहिलेलं मात्र नव्हतं. मुलगी रुइशान फोनवर म्हणाली होती, "बाबा, दोघांनीही लाल टोप्या घातल्यात. लगेच ओळखाल."

आणि संग्रहालयाच्या दाराशी लाल टोप्यांतलं एक म्हातारं जोडपं उभंच होतं!

"या, या! केव्हाची वाट बघतोय!" बिंगयाओनं म्हाताऱ्याचा हात हापशासारखा हलवला.

"आम्हाला फिरवणारे तुम्हीच का?"

"मीच! आता आयुष्यभर तुमचाच!"

पहिल्या दालनात आणखी चार लाल टोप्या येऊन मिळाल्या. काका-काकू असतील! दुसऱ्या दालनात वीस. तिसऱ्यात मागे वळून बघतो तर अख्खं दालन लाल! बिंगयाओला घाम फुटला. यांनी तर सगळं गावच आणलं! पण एवढे श्रोते समोर असताना गप्प बसेल तो बिंगयाओ कसला?

"इथं, आमच्या हुमनमध्ये, जप्त केलेली अफू तळ्यांत ओतली! वर मीठ, वर चुना! आणि असा धूर उठला...!" दोन टोप्या त्याच्या हाताच्या फटक्यानं उडाल्या. "आमची रुइशानही तशीच, एकदम दारूगोळा!"

"तीही बघायला मिळणार?" एका आजीनं विचारलं.

"जेवायला येतेय ना!"

"म्हणजे जेवणही तुमच्याकडेच?"

"असं काय परक्यासारखं विचारता! भाजलेलं बदक आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बिंगयाओनं घाईघाईनं चिउलानला फोन लावला. "टेबलं वाढव! पाच सांग!"

"अहो, लग्न ठरवायचंय की आजच लावायचंय?"

तेवढ्यात बगलेत खोकं घेतलेला एक उंच, बोडक्या डोक्याचा माणूस पुढे आला. "माफ करा, आपण मो..."

"मागे व्हा हो! ही आमची घरची मंडळी आहेत!"

तोफेपाशी तो पुन्हा आला. "अहो, मी..."

"फुकट ऐकायचं तर गपचूप ऐका!"

माणूस गपचूप मागे जाऊन उभा राहिला. त्याची बायको तोंडावर हात दाबून हसत होती.

इतक्यात हातात झेंडा घेतलेली एक मुलगी धापा टाकत आत शिरली. "सापडले! आजोबा, बसपाशी थांबा म्हटलं होतं ना मी?"

"ओ बाई, हे माझे व्याही आहेत!" बिंगयाओ गरजला.

"सगळे? ही माझी सहल आहे! आजोबा, हे तुमचे कोण?"

"नवा गाइड," म्हातारा म्हणाला. "तुझ्यापेक्षा बरा आहे. बदक खायला घालतो."

बिंगयाओचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. उंच माणसानं शांतपणे खिशातून लाल टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली.

"उकडत होतं म्हणून दोघांनीही काढल्या होत्या. मी गोंग. मुलाचा बाप. आता घरच्यांत घ्याल का?"

लाल टोप्यांची बस सुटली, तरी खिडक्यांतून बदकाची चौकशी चालूच होती. हॉटेलात मांडलेल्या पाच टेबलांपैकी एकावर सगळे बसले. रुइशान कपाळाला हात लावून बसली होती, आणि बिंगयाओ आयुष्यात पहिल्यांदाच मुकाट्यानं जेवत होता. शेवटी गोंगसाहेबांनी पेला उचलला.

"मुलगी आम्हाला पसंत आहे. फक्त एकच अट. लग्नात व्याह्यांनी भाषण करायचं नाही."

बिंगयाओ तोंड उघडणार, तोच चिउलान उभी राहून म्हणाली, "मंजूर!"