नापास लोगोंचं घर

गुणवंतभाऊंच्या घरी लोक दात काढायला यायचे.

गुणवंतभाऊ दातांचे डॉक्टर नव्हते. ते लोगो काढायचे. दुकानांचे, शिकवणी वर्गांचे, मंगल कार्यालयांचे. वेबसाइटच्या कपाळावर ती लांबट पट्टी असते ना, तो बॅनर, तोही काढायचे. पण नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत त्यांच्या फाटकावर एक भला मोठा पांढरा दात होता, आणि तो हसत होता. गाल सुजलेल्या माणसाने दुसरं काय समजायचं? तो फाटक ढकलून आत यायचा, व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसायचा आणि तोंड उघडायचा. गुणवंतभाऊ चष्मा वर करून अगदी मन लावून आत बघायचे.

"मागची दाढ हाय," ते म्हणायचे. मग कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घालून द्यायचे आणि त्या माणसाला चौकातल्या खऱ्या डॉक्टरकडे पाठवायचे.

खरी मजा पुढेच आहे. तो हसरा दात त्याच डॉक्टरसाठी काढलेला होता. डॉक्टरने तो नापास केला. "माझा पेशंट रडत येतो हो, आणि दारात दात हसतोय? चिडवल्यासारखं वाटतं." त्यांनी कुठून तरी निळ्या रंगाचा, अत्यंत गंभीर, नुकतंच कुणी गेल्यासारखा चेहरा असलेला दात घेतला. आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे येणारा पेशंट सांगायचा, "त्या हसऱ्या दातवाल्यांनी पाठवलं."

गुणवंतभाऊंचं वेड ते हेच. गिऱ्हाइकाने नाकारलेला लोगो ते फेकत नसत. तो छापून घरच्याच कुठल्या तरी वस्तूवर लावायचे. स्कूटरच्या तोंडावर चष्मा घातलेलं घुबड होतं. ते एका शिकवणी वर्गासाठी होतं. सर भडकले होते, "पालक काय म्हणतील? आमच्या पोराला घुबड केलं म्हणतील!" कूलरवर एका लस्सीवाल्याची गाय होती, तिला मिशा होत्या. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर सावजी भोजनालयाची मिरची होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत असे. मालक म्हणाला होता, "मिरचीच रडाले लागली तर गिऱ्हाईक येईन कसं?"

"आमच्या घरात माणसं कमी अन् दुकानं जास्त," असं कुसुमवहिनी म्हणायच्या. त्या गुणवंतभाऊंच्या पत्नी. पाहुणे आले की त्या आधीच बजावून ठेवत, "इथं मिरची मिळत नाही, लस्सी मिळत नाही, शिकवनी घेत नाही. चहा मिळते. बसा."

हुडकेश्वर सोडून मी धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये आलो त्याला आता बराच काळ लोटला. इथे दारावर नुसते आकडे असतात. गाल सुजला तर कुणाच्या घरी शिरावं हेही कळत नाही.

मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होतो आणि गॅदरिंगची नाटकं बसवत होतो. गुणवंतभाऊंच्या बॅनरवर टाकायच्या ओळी मी लिहून द्यायचो. मोबदला चहा आणि सोबत झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे. त्यामुळे गिऱ्हाइकांशी होणारे त्यांचे सामने मी पहिल्या रांगेत बसून पाहिले आहेत.

एकदा एक मंडप डेकोरेशनवाला आला. वेबसाइटचा बॅनर हवा होता. त्याने मोबाइलवर फोटो पाठवायला सुरुवात केली. स्वतः गॉगल लावून. मोठे भाऊ. मधले भाऊ. जावई. वाढदिवसाला केक भरवणारे कुणीतरी दादा. फोटो संपेचनात. गुणवंतभाऊंनी शांतपणे संगणकाच्या पडद्यावर ती चिंचोळी पट्टी दाखवली.

"पाय गा, एवढी जागा हाय. हे बॅनर हाय, एसटी नोहे. इतके लोक उभे तरी राहीन काय?"

"मग मोठ्या भाऊंले बसवा ना. बाकीचे लटकतीन," तो गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाला.

आणखी एक गंमत. नागपूरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला लोगोत संत्रं हवं असायचं. पंक्चर काढणाऱ्यालाही हवं, झेरॉक्सवाल्यालाही हवं. गुणवंतभाऊ चिडून चिडून शेवटी हट्टाला पेटले. "आता मी संत्रं काढत नाही. मेलो तरी काढत नाही." आणि नेमका दुसऱ्या दिवशी पारशिवनीकडचा एक संत्र्याचा बागाईतदार आला. गुणवंतभाऊंनी शपथ मोडली नाही. फक्त एक पान काढलं, हिरवंगार, दव पडलेलं. बागाईतदार पडद्याकडे बघतच राहिला. "भाऊ, मी पालक विकत नाही." ते पान गुणवंतभाऊंच्या छत्रीवर गेलं.

एवढ्या सगळ्या संसारात एकच वस्तू कोरी होती. त्यांचं हेल्मेट. हेल्मेटच्या बाबतीत गुणवंतभाऊ भयंकर कडक. कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी घालत, मागे बसणाऱ्यालाही त्याचं स्वतःचं आणायला लावत. मी एकदा सुचवलं, की यावर त्या मंडपवाल्याने नापास केलेला हत्ती काय शोभेल! तर म्हणाले, "डोक्यावर धंदा नाही घ्याचा मास्तर. डोकं मोकळं राहू द्याचं."

या वेडाचं मूळ मला एकदा असंच बोलता बोलता सापडलं. गुणवंतभाऊ मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. वडील मागावर साड्या विणायचे. विणून झाली की साडी व्यापाऱ्याकडे जायची. तो ती गादीवर पसरवायचा, वरून तळहात फिरवायचा आणि निकाल द्यायचा, पास किंवा नापास. एखाद्या जागी धागा सुटलेला दिसला की संपलं. नापास साडी घरी परत यायची.

"अन् मग ते माय नेसायची," गुणवंतभाऊ म्हणाले. "माह्या मायनं जल्मभर पास झालेली साडी नेसलीच नाही. पास झालेलं जाते गा. नापास घरी राहते. आमची पांघरुनं नापास, पडदे नापास, मी ज्या झोळीत झोपलो ते नापास. पन कोनाले समजलं नाही कधी."

"का बरं?"

"माय नेसतानी धागा सुटलेली जागा बरोबर निऱ्यात टाकायची. घडीत घडी, घडीत घडी, अन् खोचली. बाहेरून पायसान तर काही नाही. पन तिले माहीत राहे, कुठं काय हाय ते. लग्नाले गेली, बसली, की हात तिथंच. निऱ्यावर."

असं म्हणताना त्यांचा हात स्वतःच्या पोटावर गेला होता. मग त्यांनी तो काढला आणि म्हणाले, "मास्तर, ते पनीरवाल्याची ओळ लिहिली काय?"

आता पल्लवी. गुणवंतभाऊंची एकुलती एक मुलगी. लहानपणी स्कूटरवर पुढे उभी राहायची, हँडल धरून. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि वारा लागला की त्या वेण्या थेट बापाच्या तोंडावर. गुणवंतभाऊ तोंडातली रिबीन बाजूला करत करत शाळेपर्यंत गाडी हाकायचे. आमच्या गल्लीतलं ते रोजचं दृश्य होतं. पुढे पोरगी प्रत्येक परीक्षा पास होत गेली आणि पास होत होत पुण्याला निघून गेली.

तिथे तिने एका मैत्रिणीबरोबर छोटासा धंदा काढला. विदर्भातली वाळवणं, म्हणजे कुरड्या, सरगुंडे, बिबड्या, वेबसाइटवरून विकायची. नाव 'माहेरचा डबा'. बाबांना फोन आला, लोगो हवा आहे.

मी त्या माणसाला तसं कधी पाहिलं नव्हतं. लस्सीवाल्याची गाय एका दुपारीत काढणारा माणूस दिवसेंदिवस खोलीबाहेर येईना. पानठेल्यावर जाईना. लोगो झाल्यावर ठेलेवाल्याला दुरून दाखवायची त्यांची पद्धत होती, हा लोगो त्यांनी तिथेही नेला नाही. मला मात्र दाखवला. एक गोल डबा, झाकण घट्ट लावलेलं, आणि त्या डब्याला मागे दोन वेण्या. लाल रिबिनी. वेण्या वाऱ्यावर अशा उडालेल्या, की डबा भरधाव कुठेतरी निघाला आहे असं वाटावं.

मी खुर्ची पुढे ओढून तो परत एकदा बघितला.

चार-आठ दिवसांनी पुण्याहून फोन आला तेव्हा मी तिथेच पोहे खात होतो. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, मस्त आहे. खरंच मस्त आहे. पण माझी पार्टनर म्हणते..." पल्लवी अडखळली. "ती म्हणते, जेवणाचा डबा आहे आणि त्याच्यावर केस? लोकांना जेवणात केस आठवेल."

माझा घास तोंडातच.

"बरोबर बोलली ते पोरगी," गुणवंतभाऊ एकदम मोठ्याने हसले. "जेवनात केस कोनाले चालते? माह्या ध्यानातच नाही आलं बाप्पा. दुसऱ्याकडून करून घे. बिनधास्त."

फोन ठेवला आणि ते गच्चीवर टाकी भरली का ते बघायला गेले. टाकी सकाळीच भरली होती.

मग मी वाट बघायला लागलो, की हा लोगो कुठे लागणार. फाटकावर बघितलं, कूलरवर बघितलं, पोस्टाच्या पेटीवर बघितलं. कुठेच नाही. शेवटी विचारलंच.

"निकाल लागाचा हाय अजून," गुणवंतभाऊ म्हणाले आणि विषय बदलला.

दिवाळीला पल्लवी आली. आली तशी बॅग खाली ठेवून आधी घरभर फिरली. घुबड पाहिलं, मिरची पाहिली, छत्री उघडून पान पाहिलं. वहिनींना हळूच विचारलं, "आई, माझा कुठे लावला?"

"बापाले इचार वं तुह्या. मले काय माहीत?"

बाप म्हणाला, "छापाले दिला हाय."

पोरीला वाटलं, बाबा रागावले. सगळ्या परक्या लोकांचे नापास लोगो घरात मानाने राहतात आणि माझा तेवढा घराबाहेर. दोन दिवस ती आणि गुणवंतभाऊ एकमेकांशी फक्त चिवड्याविषयी बोलत होते.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी तिला धरमपेठेत एका मैत्रिणीकडे जायचं होतं. तिने स्कूटरची किल्ली घेतली आणि खुंटीवरचं हेल्मेट काढलं.

"हेल्मेट काहून पायजे?" गुणवंतभाऊ खुर्चीतून ताडकन उठले. "जवळच तर हाय."

मी चकित. हुडकेश्वर ते धरमपेठ म्हणजे अख्खं नागपूर ओलांडायचं. आणि हा माणूस दुधाला जाताना हेल्मेट घालतो!

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?" पल्लवी म्हणाली आणि घालण्यासाठी तिने हेल्मेट उलटं केलं. आणि तशीच उभी राहिली. विहिरीत वाकून बघावं तशी आत बघत. मग तिने ते डोक्यावर घातलं, पट्टा लावला, काच खाली ओढली आणि निघून गेली.

"आत काय आहे हो?" मी विचारलं.

गुणवंतभाऊ खाली बसले. "डबा," म्हणाले. "कापडावर छापून आतून शिवला हाय. अस्तराले."

"आतून कशाला? बाहेर का नाही लावला?"

"बाहेर लावला असता तं लोक इचारतीन, भाऊ, हा कोनाचा? मग सांगा लागन, पोरीनं नापास केला. तिचं नाव काहून घ्याचं गा चारचौघात? म्हनून निऱ्यात टाकला." मग ते फाटकाकडे बघत म्हणाले, "आता तिनं पायला. आता ते रडन तिकडं, गाडी चालवता चालवता. म्हनून म्हनून राहिलो होतो, घालू नको."

त्या संध्याकाळी गुणवंतभाऊ फाटकापाशी येरझारा घालत राहिले. एक गाल सुजलेला माणूस आला, तर त्याला लवंगेचं तेलही मिळालं नाही.

पल्लवी दिवेलागणीला परतली. हेल्मेट काढलं, खुंटीला लावलं. डोळे लाल होते, पण दिवाळीत सगळ्यांचेच असतात, फटाक्यांचा धूर.

"सैल होते बाबा मला," एवढंच म्हणाली.

"माह्या डोक्याचं हाय ना."

परत जायच्या दिवशी तिला पुण्याच्या गाडीवर पोचवायला आम्ही दोघं गेलो. ती सामान घेऊन ऑटोत, आम्ही मागून स्कूटरवर. ती ऑटोतून उतरली तर एका हातात चिवड्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात हेल्मेट. निघताना घरी वहिनी म्हणाल्या होत्या म्हणे, "पुन्यात हेल्मेट भेटत नाही काय वं?" ती म्हणाली होती, "असं नाही भेटत."

गाडी सुटली. खिडकीतून ते पांढरं हेल्मेट तिच्या मांडीवर दिसत होतं, आणि तिचा हात त्याच्यावर.

परत येताना गुणवंतभाऊ बोडक्या डोक्याने स्कूटर चालवत होते. मागे मी, माझं हेल्मेट घालून. एरवी असं कुणी दिसलं तर गाडी आडवी घालून भाषण देणारा हा माणूस. त्यांचे उरलेसुरले केस वाऱ्यावर उडत होते आणि ते स्वतःशीच हसत होते.

"मास्तर," ते मागे न बघता म्हणाले, "आपल्या घरातलं नापास पयल्यांदाच बाहेर गेलं गा."

रस्त्याच्या कडेला दोरीवर हेल्मेटं टांगलेला एक ठेला होता. तिथे त्यांनी गाडी थांबवली. एक उचललं, पण डोक्यावर घालून पाहिलं नाही. उलटं केलं आणि आत बघत राहिले. बराच वेळ. बोटाने अस्तर चाचपलं.

"काकाजी, साइज पीछे लिखा है," ठेलेवाला म्हणाला. "अंदर क्या देख रहे हो?"

"जागा पाहून राहिलो," गुणवंतभाऊ म्हणाले.