मोठ्यानं वाचणारे किसनभाऊ

किसनभाऊ कादंबरी वाचायला लागले की आमच्या वाचनालयाच्या गल्लीतली कुत्री उठून पलीकडच्या आळीत जातात. मी पतसंस्थेत नोकरी करणारा माणूस आहे, फुगवून सांगायची मला सवय नाही. सगळी कुत्री जात नाहीत. एक म्हातारं तिथंच पडून राहतं, पण तेही डोळे मिटून घेतं.

किसनभाऊ मूळचे आमच्या आळे गावचेच. नोकरी आळेफाट्याच्या एस.टी. स्टँडवर, कंट्रोलर म्हणून. खिडकीमागं बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. फाट्यावर चारी बाजूंनी ट्रकचे हॉर्न, हॉटेलवाल्यांची हाळी, जीपवाल्यांची "नारायणगाव, नारायणगाव" अशी ओरड. त्या सगळ्यातून नाशिकची गाडी कुठं लागली आहे हे बाकड्याखाली पाय ताणून झोपलेल्या माणसापर्यंत पोचवायचं. माइक निम्मा वेळ बंदच असायचा, त्यामुळं किसनभाऊंनी आयुष्यभर माइकवर विश्वास ठेवला नाही. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, खुर्ची गेली, आवाज मात्र त्यांनी घरी आणला.

घरात ते आणि हौसावहिनी दोघंच. मुलगा चाकणला कंपनीत. सकाळी किसनभाऊंनी "चहा झाला का?" असं विचारलं की ते आमच्या न्हाणीघरात ऐकू येतं, आणि मधे दोन घरं आहेत. गल्लीचा पक्का समज होता की या नवरा-बायकोचं रोज उठून भांडण होतं. शेजारी नव्यानं आलेली एक सून तर एकदा काळजीनं सोडवायला गेली. बघते तर दोघं समोरासमोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. "भांडण?" हौसावहिनी म्हणाल्या. "ह्यांच्याशी? कवा?"

आमच्या वाचकमंडळात किसनभाऊ कसे आले ते सांगतो. वाचनालय पहिल्या मजल्यावर आहे, खाली पिठाची गिरणी. गळकं छप्पर दुरुस्त करताना माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक सापडली. आत जुन्या कादंबऱ्या. बऱ्याच पुस्तकांना कव्हर नाही, काहींची पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळं नावही कळत नाही. ढोबळे सर, म्हणजे आमच्या हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, ट्रंकेपाशी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "अहो, ही पुस्तकं आमच्या आईवडिलांच्या पिढीनं कंदिलाखाली वाचलीत. आता कुठंच मिळत नाहीत." तिथंच ठरलं की दर रविवारी दुपारी जमायचं. प्रत एकच, म्हणून एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग ज्याला जे वाटलं ते त्यानं बोलायचं. वाचायची पाळी प्रत्येकाला.

पाळीची व्यवस्था मीच लावली होती. ती किसनभाऊंनी मोडली.

दुसरं कोणी वाचत असलं की ते मागून ओरडायचे, "मोठ्यानं!" वाचणारा आवाज चढवायचा. "अजून!" त्याहून चढवायचा. शेवटी त्याला खोकला आला की किसनभाऊ उठून पुस्तक हातात घ्यायचे आणि मग ते परत मिळत नसे. आमच्या अंगणवाडीताई मंजू एकदा चिडून म्हणाल्या, "भाऊ, आम्ही दोन हातांवर बसलोय. एवढ्या मोठ्यानं कशाला?"

"तुमचा आवाज दारापोतर जात न्हाई."

"दारापर्यंत कशाला जायला पाहिजे? दाराला काय वाचून दाखवायचंय?"

"वाचन म्हंजे वाचन, ताई. आपुन काय चोरी करतोय का, कुजबुज करायला?"

त्यांची बसायची जागाही ठरलेली. रस्त्याकडच्या खिडकीशी, तोंड खिडकीकडं आणि पाठ निम्मी आमच्याकडं. खिडकी कायम उघडी. मे महिन्यात फुफाटा आत येऊन पानांवर बसला तरी लावू द्यायचे नाहीत.

तेव्हा जी कादंबरी चालू होती तिलाही नाव नव्हतं. तिच्यात वेणू नावाची एक बाई होती. नवरा बोटीवर कामाला जातो, दसऱ्याला येतो म्हणून सांगतो आणि येत नाही. वेणू रोज दिवेलागणीला दार उघडं ठेवून उंबऱ्यात बसते. किसनभाऊ हे असं वाचायचे: "लक्ष द्या. प्रकरण सातवं." मग थांबून, "प्रकरण सातवं." महत्त्वाचं वाक्य दोनदा पुकारायची स्टँडवरची सवय. "'तुम्ही मला विसरणार नाही ना?' वेणूने विचारले. 'तुम्ही मला विसरणार नाही ना?'"

"भाऊ, ती त्याच्या कानात विचारतीय," मंजूताई म्हणाल्या.

"कानात इचारलं तरी शेवटच्या बाकाला कळाय पायजे."

वाचन झाल्यावर चर्चा. ढोबळे सर हलक्या आवाजात, डोळे मिटून सुरुवात करायचे, "लेखकाने इथे विरहाची अपरिहार्यता फार सूक्ष्मपणे..."

"अपरिहार्य काय न्हाई, सर," किसनभाऊ मधेच तोडायचे. "दसऱ्याला येतो म्हणला. दसरा गेला. लेट हाय तर लेट हाय म्हणून कळवायचं. माणूस बसून ऱ्हातं ना तिकडं! आमी गाडी लेट असली तर पुकारत व्हतो का न्हाई?"

"मला तर वेणूचाच राग येतो," मंजूताई. "वाट काय बघती? डी.एड. कर, नोकरीला लाग."

"त्या काळी डी.एड. नव्हतं," सर.

"शिलाई मशीन तर असंल?"

अशी आमची चर्चा. मला ती आवडायची.

कादंबरी शेवटाकडं आली तेव्हा ढोबळे सरांनी एक ठराव मांडला. जुन्या कादंबऱ्यांच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढायचे, पीडीएफ करून ग्रुपवर टाकायची, ज्यानं त्यानं घरी शांतपणे वाचायची आणि रविवारी फक्त चर्चेला जमायचं. मोठ्यानं वाचन बंद. मंजूताईंनी लगेच अनुमोदन दिलं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. रविवारची दुपार वाचली असती.

किसनभाऊ उठून उभे राहिले. पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं. "बंद व्हणार न्हाई."

"मतदान घेऊ," सर म्हणाले.

"घ्या. माझं मत न्हाई. आन् ह्या सगळ्यांनी व्हय म्हणलं तरी माझं न्हाई. तुमी तुमचं मोबाइलवर वाचा, मी हितंच वाचणार. वाचनालयाला कुलूप लावलं तर खाली रस्त्यावर बसून वाचीन. रस्ता काय तुमच्या ठरावात न्हाई."

"अहो, पण खाली लोकांना त्रास होतो तुमच्या आवाजाचा!"

"कुणाला व्हतो? नाव सांगा."

सरांना नाव सांगता येईना. मी म्हणालो, ठरावात कारण घालायचं तर ते खरं पाहिजे; मी खाली जाऊन विचारून येतो. किसनभाऊ एकदम म्हणाले, "तुमी कशाला जाताय? बसा, राव." मी गेलो. किसनभाऊंनी रागानं वाचन पुन्हा सुरू केलं.

समोरचा पानटपरीवाला म्हणाला, "तरास कसला? आमाला सवय झाली. त्या वेणूचं पुढं काय झालं ओ?" त्याला टाळून मी गिरणीकडं वळलो. रविवारी दुपारी गिरणी बंद असते. तिच्यापुढं पत्र्याची पडवी आहे. वरच्या खिडकीतून पत्रा दिसतो, पत्र्याखालचं काही दिसत नाही. तिथं कट्ट्यावर, गव्हाचा रिकामा डबा शेजारी ठेवून, हौसावहिनी बसल्या होत्या. मान वर, एक हात कानामागं.

"वहिनी," मी म्हणालो. त्यांनी बघितलं नाही. पुन्हा म्हणालो. मग अगदी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्या दचकल्या आणि लगेच बोट ओठांवर ठेवून वर दाखवलं. "बसा भाऊ, गप बसा. चालू हाय."

वरून प्रकरणाचं शेवटचं वाक्य दोनदा खाली आलं. त्या ते ओठांनी पुटपुटल्या आणि मग माझ्याकडं वळल्या.

"रोज येता?" मी ओरडून विचारलं.

"रईवारी. गिरणीचं निमित्त करून."

"गिरणी तर बंद असते."

"म्हणून तर निवांत बसाय मिळतं." त्या हसल्या. "शाळा झाली न्हाई आमची. वर शिकलेली माणसं. मला म्हणतील, मत सांगा. इथून बरं."

आमची मीटिंग मतदानावाचूनच उठली. सर म्हणाले, एवढं शेवटचं प्रकरण पुढच्या रविवारी होऊ द्या, त्यानंतर पीडीएफ. मी जिना उतरत होतो तर किसनभाऊ जिन्यातच वाट अडवून उभे.

"बघितलं?"

"बघितलं."

"वर बोलू नका." आणि मग त्यांच्या मानानं हळू, म्हणजे फक्त जिन्यापुरत्या आवाजात: "तिचं कान गेल्यात. कानातलं मशीन आणलं, त्ये शिट्टी मारतंय म्हणून तिनं डब्यात ठिवलं. टीव्ही कळत न्हाई. बायांच्यात बसली तर कुणी एकदा सांगतं, दुसऱ्यांदा न्हाई सांगत. मग ती बसायचीच बंद झाली. माझंच तेवढं ऐकू येतं तिला."

"मग सांगा की सगळ्यांना. समजून घेतील."

"काय सांगू?" त्यांचा आवाज चढला. "गावात मला वरड्या म्हणत्यात. म्हणू द्या, मी पेन्शनीत निघालोय. पन तिला बहिरी म्हणायला सुरुवात झाली तर ती दाराभाईर पडायची न्हाई. मला वरड्याच ऱ्हाऊ द्या."

मी कोणाला काही बोललो नाही.

पुढच्या रविवारी सगळे वेळेवर जमले. ढोबळे सर मोबाइल चार्ज करून आले होते. मी मुद्दाम किसनभाऊंच्या शेजारी बसलो. ते पुकारत होते, आम्ही ऐकत होतो. वेणू म्हातारी झाली होती. दिवेलागण झाली, ती उंबऱ्यात येऊन बसली. किसनभाऊंनी पान उलटलं आणि थांबले.

त्यांना मनातल्या मनात वाचताना मी पहिल्यांदाच बघितलं. ओठसुद्धा हलत नव्हते. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, घसा साफ केला आणि पुकारलं, "'तेवढ्यात अंगणात पावले वाजली. वेणूचा नवरा आला.' 'वेणूचा नवरा आला.'"

सर ताठ झाले. "किसनराव, असं नाहीये ते. ही गोष्ट आईनं सांगितलीय मला. तो येत नाही."

"तुमच्या आईची प्रत येगळी असंल."

"मजकूर बदलता तुम्ही? हा लेखकावर अन्याय आहे!"

"लेखकानं केलाय त्यो न्याव हाय का? मी वाचतोय ना? मी वाचतोय त्येच पुस्तकात हाय!"

सर माझ्याकडं वळले. "तुमच्यासमोर पान आहे. तुम्ही खोटं बोलणार नाही. सांगा."

पान माझ्यासमोर होतं. त्यात अंगणात कोणी आलं नव्हतं. मी तोंड उघडलं, पण काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही, कारण तेवढ्यात खालून आवाज आला.

"खोटं हाय त्ये!"

सगळे खिडकीकडं बघू लागले.

"खोटं हाय! त्यो यायचाच न्हाई, मला पयल्यापास्नं म्हाईत हाय! काय लिवलंय त्ये वाचा!"

"कोण आहे खाली?" मंजूताई उठून बघायला लागल्या, पण त्यांना पत्राच दिसला. किसनभाऊंनी डोळे मिटले. गप्प बसले असते तर कदाचित निभावलं असतं. पण खालून पुन्हा "वाचा!" आलं. ते उठले, खिडकीचे गज धरले आणि ओरडले, "अगं, वाईट हाय गं त्ये!"

"वाईट तर वाईट! इतकं दिस ऐकलं त्ये काय खोटं ऐकायला?"

"तुला सोसायचं न्हाई!"

"मी काय कुकुलं बाळ हाय? वाचा म्हणते ना!"

किसनभाऊ परत येऊन बसले. ते एवढ्या मोठ्यानं का वाचतात, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला तेवढ्या वेळात कळलं होतं. सरांनी मोबाइल खिशात घातला.

मग किसनभाऊंनी खरं पान वाचलं. दिवा विझत आला, वेणू उंबऱ्यात टेकली. शेवटचं वाक्य चार शब्दांचं होतं. ते त्यांनी एकदाच वाचलं, आणि इतकं हळू की शेजारी बसून मला जेमतेम ऐकू आलं.

खालून हाक आली, "काय? ऐकू न्हाई आलं."

किसनभाऊंनी ओठ आवळले. मग गजांना तोंड लावून, स्टँडवरची शेवटची गाडी पुकारावी तसं पुकारलं, "'पहाटे वेणू गेलेली होती.'" आणि सवयीनं, "'पहाटे वेणू गेलेली होती.'"

मंजूताई पदरानं नाक पुसत होत्या. मग हौसावहिनींचा आवाज आला, संतापलेला. "रोज दार उघडं ठिवून बसायचं कशाला? शेजारणीकडं जाऊन बसायचं व्हतं! चार बायांत जायचं व्हतं! त्याच्यापायी सगळा जलम उंबऱ्यात घातला बाईनं!"

ढोबळे सर विचारात पडले. खुर्ची सरकवून खिडकीपाशी गेले आणि वर्गात विचारायचे तशा मृदू स्वरात म्हणाले, "पण वहिनी, तसं केलं असतं तर ही कादंबरी झाली असती का?"

खाली ते पोचलं नाही. सरांनी किसनभाऊंकडं पाहिलं.

"मोठ्यानं इचारा, सर."

सरांनी पुन्हा विचारलं.

"अजून."

ज्या माणसानं उभ्या नोकरीत वर्गात आवाज चढवला नाही, त्या ढोबळे सरांनी दोन्ही हातांनी गज धरले, मानेच्या शिरा फुगवल्या आणि असे ओरडले की पानटपरीवाला रस्त्यावर आला.

"वहिनी! मग कादंबरी झाली असती का?"

"न्हाई तर न्हाई झाली!" खालून लगेच आलं. "बाई तर जगली असती!"