दहा पायऱ्यांची उतरण

रविवारी सकाळी लिफ्टवाल्यांनी खडू घेतला आणि जिन्याच्या शेवटच्या दहा पायऱ्यांवर आकडे घातले. सर्वांत वरच्या पायरीवर हजार, मग नऊशे, आठशे, असं करत तळाशी शंभर. खालच्या फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘धावपट्टी’.

तीस वर्षं त्यांनी एका सातमजली कचेरीत लिफ्ट चालवली होती. तेव्हाच्या लिफ्टला बटणं नसत, पितळी दांडा असे. पाळणा मजल्याच्या पातळीत आणायचा तो चालवणाऱ्याने, नजरेच्या अंदाजाने. “उतरताना चौथ्याला थांबायचं तर पाचवा सोडतानाच हात सैल करायचा,” हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. घराच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे ऐकणारा आधीच दमलेला असे.

आता त्यांची बेबी विमान शिकत होती आणि तिचं नेमकं इथेच अडत होतं. ती उशिरा उतरू लागे, धावपट्टीपाशी उंचच राही आणि मग नाक खाली दाबून कसंतरी टेकवायला बघे. दोनदा शिक्षकांनी विमान स्वतःच्या हातात घेतलं होतं. मंगळवारी तिसरी खेप. तेव्हाही तसंच झालं, तर या तुकडीतून तिचं नाव कमी होणार होतं. बेबीने हे हसत हसत सांगितलं, पण दोन दिवस तिच्या ताटात अन्न उरत होतं.

“एका मैलाला तीनशे फूट उतरायचं, असंच ना?” लिफ्टवाल्यांनी विचारलं.

“हो बाबा. आणि आमचं विमान मिनिटाला एक मैल जातं.”

“म्हणजे मिनिटाला तीन पायऱ्या. वीस सेकंदांना एक. चल.”

आई खाली चार रुमाल घेऊन उभी राहिली, दोन पांढरे, दोन लाल. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर. सगळे पांढरे दिसले तर विमान फार उंच, सगळे लाल तर फार खाली.

“अहो, पण मला कसं कळणार ती उंच आहे की खाली?”

“मी सांगेन तसे रुमाल धर.”

“मग तुम्हीच धरा की.”

बेबी सहाशेवर पोचली तेव्हा तिच्यामागे दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर किटली घेऊन आले.

“जरा बाजूला होता का? दूध आणायचंय.”

“मास्तर, मागे राहा. विमान उतरतंय.”

“कुठे?”

“तुमच्या पुढ्यात.”

मास्तर सभ्य माणूस. ते सातशेवर थांबले. त्यांच्यामागे धुण्याची बादली घेतलेल्या काकू आठशेवर थांबल्या आणि बादली त्यांनी नऊशेवर टेकवली. बेबी चारशेवर आली आणि खालच्या दारातून दोन हमाल एक आरशाचं कपाट घेऊन आत शिरले. तळमजल्यावर वळण अरुंद. कपाट थेट धावपट्टीवर आलं आणि वर चढू लागलं.

“बेबी, परत वर जा गं,” आई म्हणाली. तिने घाईत चारही रुमाल उंच केले होते.

“वर काय वर? इतकं आल्यावर कोणी फिरतं का?” लिफ्टवाले बेबीच्या पाठीशी येऊन म्हणाले. “उतर तू. जागा आहे.”

जागा नव्हती. दोनशे फुटांवर बेबी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये अडकली. हमालांना कपाट टेकवता येईना, मास्तरांना पुढे जाता येईना, काकूंना बादली सापडेना, कारण ती पाय लागून लवंडली होती आणि साबणाचं पाणी एकेक पायरी बरोबर उतरत होतं.

सकाळपासून लिफ्टवाल्यांनी लेकीची फक्त पाठ आणि पावलं पाहिली होती. आता आरशात त्यांना तिचा चेहरा दिसला. लहानपणी ताप आला की व्हायचा तसा झाला होता.

अर्ध्या तासाने कपाट निघालं. ओल्या पायरीवर बसून आईने विचारलं, “परत का नाही फिरलीस?”

“विमानातसुद्धा फिरता येतं. शिक्षक सांगतात, उंच राहिलं तर वर जा, पुन्हा ये. पण वाटतं, बाबांचा कधी मजला चुकला नाही.”

लिफ्टवाले खडू खिशात ठेवू लागले, तो काही खिशात जाईना.

“चुकायचा,” ते म्हणाले. “तुझी आई चौथ्यावर टंकलेखक होती. सहा महिने मी तिला रोज पाचव्यावर नेऊन परत आणलं.”

“मला वाटायचं लिफ्ट बिघडलीय,” आई म्हणाली. “मी दोनदा तक्रार टाइप केली.”

“वाचली ना मी. अक्षरं फार सुरेख होती.”

बेबी हसता हसता रडली.

मंगळवारी दोघं विमानतळाच्या कुंपणाशी उभी राहिली. बेबीचं विमान आलं. लिफ्टवाल्यांना इथूनसुद्धा कळलं, उंच आहे. तेवढ्यात आवाज वाढला आणि विमान धावपट्टीवरून सरळ वर निघून गेलं. पुढच्या फेरीत ते अलगद टेकलं.

थोड्या वेळाने शिक्षक एकटेच चालत कुंपणापाशी आले.

“नाव कमी झालं का हो?” लिफ्टवाल्यांनी विचारलं.

“अहो, वर गेली तेव्हाच मी ठरवलं. आता एकटीला पाठवलंय. तुम्हीही याच लाइनीतले, असं म्हणाली ती.”

“हो,” लिफ्टवाले म्हणाले, “पण माझं आपलं सरळ वर-खाली.”

मग विमान वळलं आणि समोरून येऊ लागलं. शिक्षक समजावून सांगत होते, उतार किती छान धरलाय, नजर कुठे ठेवलीय. लिफ्टवाले मान डोलावत होते. आवाज जवळ आला, बारीक झाला, आणि काहीच ऐकू येईना.

“उतरली हो,” आई म्हणाली. “आता डोळे उघडा.”