कटिंगचं टेबल स्थावर की जंगम?

मालमत्तेचा कायदा मला विचारा! हसू नका. मी वकील नाही, पण बावीस वर्षं एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र... साहेब सांगायचे आणि मी बडवायचे. आता तर त्यांना सांगावंही लागत नाही. "वाटणी, दोन भावंडं," एवढं म्हणून ते खुर्चीत टेकतात आणि त्यांचा चहा निवायच्या आत कागद तयार! साहेबांच्यात आणि माझ्यात फरक काय तो काळ्या कोटाचा, असं मी घरी अधूनमधून म्हणत असे. हल्ली म्हणत नाही.

झालं असं, की एका रविवारी बाबांनी मला आणि धाकट्याला समोर बसवलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. घरोघरी खिडक्या-दारं बसवायचं काम करतो, बायकोसह बाबांजवळच राहतो. बाबा शिंपी. वय अठ्ठ्याहत्तर. डोळे शाबूत, जीभ त्याहून शाबूत. घराची बाहेरची खोली हेच त्यांचं दुकान होतं.

"माझ्या डोळ्यांदेखत काय ते वाटून घ्या," बाबा म्हणाले. "मागाहून कपाटाच्या किल्लीवरून भांडाल, आणि मला मध्ये पडता यायचं नाही."

"कागद मी करते!" मी लगेच म्हणाले. "साहेबांना कशाला त्रास? घरची मालमत्ता, घरची टायपिस्ट!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला त्या घरातली एकच गोष्ट हवी होती. बाबांचं कटिंगचं टेबल. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, जाडजूड, पायांना खालून फळी. माझं अर्धं बालपण त्या फळीवर गेलं. वर बाबांची कात्री चालायची आणि खाली चिंध्यांच्या ढिगात मी झोपलेली असायचे. ते टेबल मला फार हवं होतं. पण सरळ "टेबल द्या" म्हणावं, तर धाकटाही म्हणणार, "मला पण!" म्हणून मी कायद्याने गेले.

मी लिहिलं, स्थावर धाकट्याला, जंगम मला. आणि उगाच कुणाला शंका नको म्हणून पुढे व्याख्याही ठोकून दिली: जमीन, बांधकाम आणि त्यास कायमस्वरूपी जोडलेली प्रत्येक वस्तू ती स्थावर, बाकी सर्व जंगम.

धाकटा तर गहिवरलाच. "अख्खं घर मला? किती मोठ्या मनाची गं तू, ताई!"

मी मान खाली घातली. विनयाने नव्हे, हसू लपवायला.

बाबांनी कागद सावकाश वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. शेजारच्या काका-काकूंनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. नोंदणी व्हायची होती, पण मला धीर कुठला! शनिवारी सकाळी मी टेम्पो घेऊन हजर झाले.

टेम्पोवाल्याने आणि त्याच्या जोडीदाराने टेबल उचललं, आडवं केलं, दाराशी नेलं. ठक्! उभं केलं. ठक्! तिरकं केलं. ठक्! पाय बाहेर काढावेत तर फळी अडते, फळी बाहेर काढावी तर पाय अडतात.

"बाई," टेम्पोवाला घाम पुसत म्हणाला, "हे टेबल या घरात जन्मलंय."

तेवढ्यात आतून धाकटा आला. त्याने टेबल पाहिलं, दार पाहिलं, आणि माझ्या हातातला तो कागद मागितला. दोनदा वाचला.

"ताई, जे दारातून बाहेर जात नाही, ते घराला कायमचं जोडलेलंच नाही का?"

"काहीतरीच! जोडलंय कुठे? एक खिळा तरी दाखव!"

"खिळाच पाहिजे ना?"

तो आत गेला आणि ड्रिल मशीन घेऊन आला. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत घर्रर्र! टेबलाचे चारही पाय लोखंडी पट्ट्यांनी फरशीला आवळून झाले.

"घे! कायमस्वरूपी!"

"सही झाली तेव्हा सुटं होतं!" मी ओरडले.

"सही झाली तेव्हा दारातून जात होतं?"

मी आवाज वाढवला. "तुला काय करायचंय त्या टेबलाचं?"

"आणि तुला? मी पण त्याच फळीवर झोपलोय! तू शाळेत गेलीस, की तुझी जागा मला मिळायची!"

हे मला माहीतच नव्हतं. पण माघार घेईन तर मी कसली टायपिस्ट! मी पडदे काढले. मग घड्याळ काढलं. मग दाराकडे बघितलं. ते दार बिजागरीवरून नुसतं वर उचललं की निघतं.

"दादा," मी टेम्पोवाल्याला म्हटलं, "हे सुटतंय. म्हणजे जंगम. घ्या गाडीत."

दार निघाल्याने वाट दीड इंचाने रुंद झाली हा आणखी एक फायदा. टेबल मात्र फरशीला चिकटलेलं, त्यामुळे त्या दीड इंचाचा उपयोग काय, हे मला सांगता येणार नाही.

दार जाताना बघून धाकट्याचं डोकंच फिरलं. त्याने आरसा भिंतीत आवळला. चपलांचं कपाट आवळलं. शिडी आवळली. मोरीतली बादलीसुद्धा कडीला साखळीने अडकवली! तो पुढे एकेक वस्तू स्थावर करत निघाला आणि मी त्याच्यामागून पान्हा घेऊन एकेक जंगम करत निघाले. भावजय कामावर गेली होती, हे तिचं नशीब.

या सगळ्यात बाबा कुठे होते? आपल्या खुर्चीत, चहा पीत. भिंतीवरचं कॅलेंडर नीट दिसावं म्हणून त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली होती.

"बाबा, पाय जरा वर घ्या," धाकटा म्हणाला.

बाबांनी निमूटपणे पाय वर घेतले. घर्रर्र! खुर्ची फरशीला बसली. बाबांचं तोंड भिंतीकडेच.

"अरे, मला खोली दिसत नाही."

"आधी हक्क, बाबा, मग सोय!"

"बाबा, पाठीमागची उशी माझ्याकडे येते," मी म्हटलं. "कपसुद्धा माझाच, पण तुम्ही सावकाश संपवा."

शेवटी टेम्पोवाल्यालाच दया आली. "बाई, कोणा जाणत्याला बोलवा. नाहीतर दुपारपर्यंत माझ्या गाडीची चाकं जंगम होतील."

मी साहेबांना फोन लावला. साहेब बाजाराला निघाले होते, पिशवीसकट आले. दाराच्या जागी दार नाही हे पाहून त्यांनी आधी हवेतच टकटक केलं. मी ऐटीत कागद पुढे केला. साहेबांच्या निवाड्याने धाकट्याचं तोंड बंद होणार, याची मला खात्री होती.

साहेबांनी पहिलीच ओळ वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"यातले मयत कोण?"

"कुठले मयत, साहेब?"

"इथे लिहिलंय ना. ‘मयत इसमाची संपूर्ण मालमत्ता खालीलप्रमाणे.’ आणि खाली, ‘सदर मयताने राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत समक्ष सही केली.’"

मी त्यांच्या खांद्यावरून कागदात डोकावले. आमच्या ऑफिसात वाटणीची कामं येतात ती बहुतेक माणूस गेल्यावर. मी ऑफिसातला तयार नमुना घेतला होता, नावं बदलली होती, आणि तो एक शब्द तसाच राहिला होता. आठ ठिकाणी!

"मी वाचलं होतं ते," बाबा भिंतीला उद्देशून म्हणाले. "म्हटलं, घर देणाऱ्याला कायद्यात तसंच म्हणत असतील."

"आणि यांना यापुढे राहायला जागा?" साहेबांनी मला विचारलं. "हयात असेपर्यंत घरात राहण्याचा हक्क? नवशिकाही ते कलम विसरत नाही."

"मयताला हयातीचा हक्क कसा देणार, साहेब?" मी पुटपुटले.

"खरंय. तेवढं तरी तुमचं जुळलंय." साहेबांनी कागदाची घडी केली. "ही रद्दी आहे. स्थावर यांचं, जंगमही यांचं. फरशीला पाडलेली भोकंसुद्धा यांचीच."

धाकट्याने ड्रिल खाली ठेवलं. मी पान्हा पाठीमागे लपवला. दोघांनाही बाबांकडे बघवेना. बरं झालं, त्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

"आता मी बोलू का?" बाबांनी विचारलं. "त्या टेबलाचं तुमचं काय चाललं होतं?"

"ते दारातून जात नाही, बाबा," धाकटा म्हणाला.

"मग मी आणलं कुठून? छपरातून? फळीखाली चार खुंट्या आहेत. हातोडीने दोन-दोन टोले घातले, की पाय सुटतात, फळी सुटते. लग्नाच्या वर्षी मी एकट्याने आत आणलंय ते."

"अहो, मग सकाळपासून सांगितलं का नाहीत?" मी अक्षरशः किंचाळले.

"तुम्ही विचारलंत कुठे? माझ्या घरात, माझ्या टेबलावरून, माझ्या डोक्यावरून भांडत होतात." बाबांनी कप खाली ठेवला. "म्हटलं, मेलेल्या माणसाने कशाला मध्ये बोलावं?"

मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. धाकट्याने गुडघे टेकून आधी खुर्चीचे स्क्रू काढले आणि बाबांना आमच्याकडे फिरवलं. टेम्पोवाल्याने न सांगता दार आणून बिजागरीवर बसवलं. टेबलाच्या पट्ट्या मी स्वतः सोडवल्या, हाताला फोड येईपर्यंत.

टेबल सध्या तिथेच आहे. बाबांनी त्यावर पुन्हा कापड बेतायला घेतलंय. कुणासाठी विचारलं तर म्हणतात, "माझ्यासाठी. मालकाचा सदरा फाटलाय."

नव्या कागदाचं काम त्यांनी मला दिलं नाही, स्वतःच लिहिला. टेबलाच्या वर भिंतीला चिकटवून ठेवलाय. ओळ एकच: ‘मी अजून आहे, जे काही असेल ते मला विचारणे.’ खाली सही, तारीख.

साहेबांना तपासायला दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही, आणि मला म्हणाले, "याची एक प्रत काढून तुमच्या टेबलावर लावा."